गच्चीवरचा लाल पडदा

"पडदा दिसला तर मी इथेच राहणार. नाही दिसला तर परवाच्या गाडीने लेकीकडे जाणार. झालं?" असं सासूने टॉवेलांच्या घड्या घालता घालता जाहीर केलं आणि शेवटचा टॉवेल गठ्ठ्यावर असा दाबून ठेवला, की पुढची सगळी बोलणी त्याखाली मिटली.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्या संध्याकाळी मोठ्या तिघीजणी होत्या. सासू पलंगावर पाय लांब करून, तिची थोरली लेक समोर खुर्चीत, आणि सून खाली चटईवर, मांडीवर दात येऊ घातलेलं पोर घेऊन. पोर झालं तेव्हा दुपट्यात गुंडाळलेलं बघून आजी म्हणाली होती, "अगं बाई, हे तर धुवायला आलेलं गठुडं!" तेव्हापासून ते गठुडंच. आता ते सापडेल त्या वस्तूत हिरड्या रुतवत होतं. तूर्त आईचं बोट सापडलं होतं.

थोरली लेक म्हणजे सुनेची नणंद. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात ती हाडांच्या वॉर्डची मुख्य नर्स होती. रजा काढून, पोरीला घेऊन ती आली होती एकाच कामासाठी: आईला आपल्या घरी न्यायला. हिवाळ्याच्या तोंडाशी सासू ओल्या चादरींची टोपली घेऊन गच्चीचा जिना चढताना घसरली होती. खुब्याच्या हाडाला चीर गेली. मग पलंग झाला, वॉकर झाला, आता काठी. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड सोडून ती दुकानामागच्या या खोलीत राहायला आली आणि गच्चीला पारखी झाली. ती गच्ची म्हणजे तिचं राज्य. कुठल्या दोरीवर हॉटेलच्या चादरी, कुठल्या दोरीवर घरगुती कपडे, वारा कुठून आला की कुठलं कापड आधी काढायचं, सगळा कारभार तिचा. आता तो कारभार सून पोर कडेवर घेऊन करत होती, आणि खालून सूचना येत होत्या.

"आई, पण हा काय पोरखेळ?" नणंद म्हणाली. "पडदा काय, दिसणं काय!"

"पोरखेळ कसा? उद्या तुम्ही त्या टॉवरवर जाताय ना? आपल्या गच्चीवरून तो टॉवर दिसतो, म्हणजे टॉवरवरून आपली गच्ची दिसणारच. मी आपल्या बैठकीतला लाल पडदा धुणार, गच्चीवर नेणार आणि पुढच्या दोरीवर घालणार. ऊन डोक्यावर आलं की बघा. तू म्हणतेस ना, मला जिना झेपत नाही? मग तुझ्याच डोळ्यांनी बघ."

"त्यापेक्षा फोन करशील की."

"फोनवर विश्वास ठेवशील माझ्या?"

यावर नणंदेला हसू फुटलं. "नाही ठेवणार. फोनवर तू म्हणशील, गच्चीच काय, ढगात जाऊन दोरी बांधून आले."

"बघ!"

"आणि एकटीने चढायचं नाही."

"शिंपीण राहील की माझ्या मागे. नुसती मागे. हाताला धरणार नाही."

शिंपीण म्हणजे दुकानाला लागून शिलाईचं मशीन टाकून बसणारी सासूची जिवाभावाची मैत्रीण. दोघींची भिंत एक, चहा एक आणि गुपितंही एकच. नणंदेने कपाळावर हात मारला. "मग झालंच! तू खाली चहा पीत बसशील आणि शिंपीणकाकू पडदा घालून येईल. आम्ही तिकडे टॉवरवर टाळ्या वाजवू."

"तुझ्या आईवर असा संशय घेतेस?"

"तुझीच लेक आहे ना मी."

नणंदेच्या पोरीने मध्येच विचारलं, "आजी, मी दुर्बिणीतून बघू?" ही पोर बोलायला लागली तेव्हापासून थांबलीच नव्हती, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. टॉवरवर जायचं खूळही तिचंच. "तूच बघ गं माझे बाय," आजी म्हणाली. "तुझ्या आईचे डोळे नुसते चुका शोधतात."

आता या घरात एक मुलगाही होता, म्हणजे सुनेचा नवरा. आईने जावं की राहावं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही ठरवा, मी गाडी काढतो." घरात काहीही अवघड निघालं की तो गाडी काढत असे. हॉटेलांचे गठ्ठे तेवढे वेळेवर पोचत.

सुनेला मात्र कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिला सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. सासूने राहावं असं तिला पोटातून वाटत होतं. पण का वाटतं, तिथे तिची गाडी अडायची. माया म्हणून, की गठुडं रडायला लागलं की दुसरे दोन हात हवेत म्हणून? की दुपारी दुकानात शुकशुकाट असताना शेजारच्या खोलीतून कोणीतरी "चहा टाकतेस का गं?" म्हणायला हवं म्हणून? एकेकदा तिला वाटे, आपण स्वार्थी आहोत. नणंद इतक्या लांबून आईच्या काळजीने आली, आणि आपण मनात धरून बसलोय की तिने रिकाम्या हाताने परत जावं.

शिवाय तिला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. रोज सकाळी ती गठुड्याला न्हाऊ घालायला मोरीत बसली की बाहेर जिन्यावर काठीचा आवाज यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. सासू चोरून पायऱ्या चढत होती. आधी दोन-तीन, मग वळणापर्यंत. मोरीतून सून ऐकत राहायची. ओरडावं तर सासू उद्यापासून बंद करेल, न ओरडावं आणि ती पडली तर जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी ती लोटा जरा जोरात आपटायची, पाणी खळाळून ओतायची, म्हणजे बाहेरचीला वाटावं की आत काही ऐकू जात नाही. गठुडं बापडं रोज दोन-चार लोटे जास्त न्हाऊन निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याच्या मदतीने हॉटेलच्या चादरी गच्चीवर घातल्या. मागच्या सगळ्या दोऱ्या पांढऱ्या झाल्या. कठड्याजवळची पुढची दोरी तिने रिकामी सोडली आणि फडक्याने पुसून काढली. समोर, सगळ्या छपरांच्या पलीकडे, टॉवर उभा होता. गेली तीन वर्षं ओले कपडे झटकताना तो तिला दिसत होता. देशभरची माणसं तो बघायला राजधानीत येतात, आणि ती त्याच्याकडे पाठ करून उशांचे अभ्रे टांगायची. कधी वर जायचं मनातही आलं नव्हतं. तो आपला तिथे आहे, जसा कोपऱ्यावर दिव्याचा खांब आहे.

निघताना सासू मोरीच्या तोंडाशी स्टुलावर बसून पडदा भिजवत होती.

"आई, कोरडाच न्या ना," सून हळूच म्हणाली. "ओला जड होईल."

"वा गं वा! लाँड्रीवाली कोरडे कपडे वाळत घालायला लागली, तर लोक काय म्हणतील?" सासूने वर न बघताच पडदा पिळला. पीळ असा, की शेवटचा थेंबही लाजून खाली उतरावा. "तू जा. गठुड्याचं टोपडं घे. वर वारं असेल."

टॉवरच्या पायथ्याशी भली मोठी रांग होती. टिटवीने रांगेतल्या पुढच्या-मागच्या सगळ्यांना सांगून टाकलं की आमची आजी आज लाल पडदा दाखवणार आहे. एका जाड मिशीवाल्या गृहस्थांनी तर "मीसुद्धा बघतो हं" असं वचन दिलं. नणंद गप्प होती. तिचं गप्प असणं म्हणजे आईची काळजी, असं सुनेला वाटलं. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा खरी गोष्ट कळली. नणंदेने दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटले होते.

"ताई, बरं वाटत नाहीये का?"

"बोलू नकोस माझ्याशी."

"कानांत दडे बसलेत का?"

"वहिनी, वर पोचेपर्यंत मी कोणी नाही. समज मी गठ्ठा आहे."

लिफ्ट थांबली. समोर गोलाकार सज्जा, चारी बाजूंनी खालपासून वरपर्यंत काच, आणि काचेपलीकडे इतकं आभाळ, की पहिल्या क्षणी सुनेने गठुड्याला छातीशी आवळून धरलं. टिटवी बाणासारखी सुटली. नणंद लिफ्टबाहेर दोन पावलं आली आणि आतल्या भिंतीला पाठ लावून तिथेच रुजली.

"मी इथून पुढे येणार नाही. तुम्ही बघा आणि सांगा."

"ताई, तुम्ही तर रोज मोडलेली हाडं बघता!"

"मोडलेली बघते गं. ती इतक्या उंचावरून कशी मोडतात, ते नाही बघवणार मला."

मग सून एकटीच काचेशी गेली. गळ्यात बांधलेल्या झोळीतलं गठुडं काचेवर दोन्ही तळवे टेकून खालच्या जगाकडे मालकाच्या नजरेने बघू लागलं. सुनेला काहीच ओळखू येईना. रस्ते तिला पायांनी ठाऊक होते. इथे वळायचं, तिथे चढ लागतो, या दुकानाशी पिशवी हात बदलते. वरून बघितलं तर चढ नाही, दुकान नाही, सगळं सपाट, कोणीतरी खडूच्या पेट्या उपड्या करून मांडल्यासारखं. तिने आधी नदी धरली. नदीवरून पूल धरला, पुलावरून शाळेचं मैदान, मैदानापलीकडे निळी पाण्याची टाकी. टाकीच्या डावीकडे कधीमधी गठ्ठे पोचवायला ती स्वतः जायची ते हॉटेल. तिथून मागे बोट सरकवत आणलं, आणि एका ठिकाणी इवलासा पांढरा ठिपका दिसला. आसपासच्या छपरांपेक्षा पांढरा. तिचे हॉटेलवाले नेहमी म्हणत, चादरी शुभ्र असतात हं तुमच्या. आज ते तिला पटलं.

"टिटवे, दुर्बीण इकडे वळव!"

खांबावर बसवलेली मोठी दुर्बीण होती. टिटवी खालच्या पायरीवर चढली, फिरवत राहिली, आणि किंचाळली, "दिसली! मामी, आपली गच्ची! चादरी हलतायत!"

"पडदा?" भिंतीपासून नणंदेचा आवाज आला.

"पांढरं दिसतंय."

"लाल काही?"

"पांढरं, पांढरं, पांढरं... लाल नाहीये, आई."

ऊन तेव्हा डोक्यावर आलं होतं, पण "अजून वेळ आहे" असं सून म्हणाली. त्या थांबल्या. टिटवीने आणखी दोनदा बघितलं. मिशीवाले गृहस्थ वचनाप्रमाणे आले, त्यांनीही बघितलं, आणि "लाल तर काही दिसत नाही बुवा" असं अगदी अपराधी चेहऱ्याने सांगून गेले. मग गठुडं कुरकुरायला लागलं. सून भिंतीजवळच्या बाकावर नणंदेशेजारी बसली आणि शालीखाली त्याला पाजायला घेतलं.

नणंदेने "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सुनेला सोपं गेलं असतं. ती आपल्या हातांकडे बघत होती. धरून धरून पांढऱ्या पडलेल्या बोटांची उघडझाप करत ती म्हणाली, "मला काय हौस आहे होय, तिला उचलून न्यायची? माझ्याकडे तिला करमणार नाही, माहितीये मला. दिवसभर मी इस्पितळात, ही शाळेत. आई चार भिंतींत बसेल आणि माझेच कपडे पुन्हा पुन्हा घड्या घालून ठेवेल. पण वहिनी, एकदा पडलेलं माणूस दुसऱ्यांदा पडतं ना, तेव्हा ते माझ्या वॉर्डात येतं. मी बघते. पहिल्यांदा पडलेली बाई डॉक्टरशी भांडत असते. दुसऱ्यांदा पडलेली भांडत नाही गं. गप्प पडून असते."

मोरीत ऐकलेल्या त्या टक-टकची गोष्ट सुनेच्या तोंडाशी आली, पण ती तिने गिळली. आता सांगून तरी काय होणार होतं? पडदा नव्हता. म्हणजे सासू वळणापर्यंत गेली असेल आणि तिथेच बसली असेल. शिंपीण तिला म्हणाली असेल, "अगं मी घालते की, कोण बघतंय?" आणि सासू म्हणाली असेल, "नको." हे सुनेला इतकं स्पष्ट दिसलं, की डोळे भरून आले. तिच्या एकदम लक्षात आलं, की यात स्वार्थाचा प्रश्नच उरला नव्हता. जिन्याच्या वळणावर मांडीवर ओला पडदा घेऊन बसलेली ती म्हातारी, एवढंच तिला सहन होत नव्हतं.

"मी एकदा बघते," ती उठली. गठुडं अर्धवट झोपेत होतं.

तिने दुर्बिणीला डोळा लावला. आधी नुसतं हलतं आभाळ, मग टाकी, मग गच्ची. चादरी. मागची दोरी, तिच्या पुढची, तिच्या पुढची. सगळं सकाळी घातलं तसंच. पुढच्या दोरीवरही एक पांढरट कापड.

पुढच्या दोरीवर?

तिने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुढची दोरी तर तिने रिकामी सोडली होती. स्वतःच्या हाताने पुसून. तिच्यावर आता एक कापड होतं, शेजारच्या चादरींहून जरा पिवळट, चादरीसारखं फडफडत नव्हतं, जडपणे लोंबत होतं. आणि त्याच्या खालच्या कडेला, अगदी बोटभर, लाल रेघ.

"ताई!" तिचा आवाज इतका चढला, की गठुडं दचकलं. "ताई, पडदा आहे! उलटा घातलाय!"

"उलटा म्हणजे?"

"म्हणजे अस्तर बाहेर! लाल अंग आत दुमडलंय! आपण कधी रंगीत कापड सुलट घालतो का उन्हात? लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा हिरवी चादर सुलट घातली होती, तर आईंनी मला गच्चीवरून खाली बोलावून पुन्हा वर पाठवलं होतं. रंग उडतो म्हणून! पडदा दाखवायला घातलाय, हे हात विसरले त्यांचे. हातांनी नेहमीसारखाच घातला!"

नणंदेचं तोंड उघडं राहिलं. मग ती हसायला लागली, भिंतीला टेकूनच. "माझा शाळेचा निळा झगा... सुलट घातला म्हणून दोन दिवस बोलणी खाल्ली होती मी." हसता हसता ती मध्येच थांबली. नर्सबाई जाग्या झाल्या होत्या. "थांब. शिंपीणकाकूने घातला नसेल कशावरून?"

उत्तर सुनेला द्यावंच लागलं नाही. नणंदेने स्वतःच मान हलवली, हळूहळू, हिशेब जुळत गेल्यासारखी. "छे. तो पडदा शिंपीणकाकूने शिवलाय. स्वतःच्या हातचं शिवलेलं ती कशाला उलटं टांगेल? तिला तर शिवण अख्ख्या गावाला दाखवायची असते. आणि आईने तिला बजावलं असणार, लाल दिसला पाहिजे. तिने घातला असता तर लालच दिसला असता." ती थांबली. "आईनेच घातलाय."



मग नणंदेने भिंत सोडली. पहिलं पाऊल तिने वॉर्डात नव्याने उभं केलेल्या पेशंटसारखं टाकलं, पाय सरकवत. दुसरं जरा बरं. मध्ये एकदा खाली नजर गेली आणि ती "अगं आई गं" असं पुटपुटली. सुनेने हात पुढे केला, तर म्हणाली, "नको. नुसती मागे राहा." दुर्बिणीच्या खांबाला तिने अशी मिठी मारली, की मागचे लोक बघायला लागले, आणि डोळा लावला.

"कुठे? हां. हां, ती कड दिसली." मग आवाज बदलला. "आई बसलीये."

"कुठे?"

"चादरींच्या सावलीत. खुर्ची आणलीये वर. शेजारी काकू उभी आहे, हातवारे करतेय. आई पडद्याकडे बोट दाखवतेय. भांडतायत वाटतं दोघी."

"उलटा घातला म्हणून काकू ओरडत असेल."

"आई ऐकत नाहीये. नेहमीसारखी." नणंद बराच वेळ बघत राहिली. मागे रांग वाढली. एक बाई म्हणाली, "अहो, बाकीच्यांनाही बघायचंय." नणंद डोळा न काढता म्हणाली, "एक मिनिट हं, पेशंट आहे माझी." बाईला काय कळलं कोण जाणे, पण ती दोन पावलं मागे सरली.

"आता चला ना, आई," टिटवी म्हणाली. "दिसला ना पडदा?"

"थांब. चढणं सोपं असतं गं. उतरणं बघायचंय मला." आणि मग ती दुर्बिणीतूनच सांगू लागली, स्वतःशी बोलल्यासारखी, "उठली. काठी उजव्या हातात, बरोबर. खुर्चीला नाही टेकली. वळतेय... सावकाश, आई, सावकाश. जिन्याच्या दाराशी आली. कठडा धरला. आधी काठी, मग दुखरा पाय... शाब्बास. हे कोणी शिकवलं हिला? मी तर नाही."

सुनेने गठुड्याच्या टोपड्याकडे बघितलं. "रोज सराव करत होत्या," ती म्हणाली. "मी मोरीत असताना. मला ऐकू यायचं. मी सांगितलं नाही."

नणंदेने पहिल्यांदा डोळा काढला. सुनेला वाटलं, आता चांगलं झापणार. पण नणंद म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी बंदच केलं असतं," आणि पुन्हा दुर्बिणीला लागली. "गेली आत. आता काही दिसत नाही. काकू खुर्ची घेऊन मागून चाललीये."

मग फोनची वाट बघणं आलं. फोन दुकानात, गल्ल्याशेजारी होता. तिथून फोन आला म्हणजे सासू तळाला पोचली. नणंदेने मोबाईल तळहातावर धरून ठेवला. तिला आता काचेचाही विसर पडला होता. पाठ काचेला टेकली होती आणि पाठीमागे अख्खी राजधानी लोंबत होती. सून मनातल्या मनात पायऱ्या उतरत होती. वळण. वळणानंतरची झिजलेली पायरी. दोन्ही मजले.

फोन वाजला.

"दिसला का गं?" सासूचा आवाज मोबाईलमधून सगळ्यांना ऐकू आला. धाप लागली होती, पण आवाजात गुर्मी होती.

"आई, उलटा घातलास तू."

"काय?"

"पडदा. अस्तर बाहेर. लाल दिसलाच नाही कोणाला."

पलीकडे लांबून शिंपीणकाकूचा विजयी आवाज, "सांगत होते मी! सांगत होते!" आणि सासू, "तू गप गं जरा! रंग उडाला असता तर तू देणार होतीस नवीन शिवून?" मग पुन्हा फोनजवळ, जरा पडेल आवाजात, "म्हणजे... नाही दिसला?"

नणंदेने उत्तर द्यायला वेळ घेतला. तो वेळ तिने मुद्दाम घेतला, हे सुनेने बघितलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसूही. "तू दिसलीस की. उतरताना आधी काठी टाकलीस, तेही बघितलं. ऐक आता. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेणार आहे मी, उद्याच. पायऱ्यांना खरबरीत पट्ट्या. आणि ओली टोपली तू उचलायची नाहीस. एखादा पडदा, बास. यातलं एक जरी मोडलंस तर पुढच्या रजेला येऊन खांद्यावर टाकून नेईन."

"बरं बाई, बरं. दे सूनबाईकडे."

सुनेने फोन घेतला. "हां, आई."

"गठुडं झोपलं?"

"झोपलंय."

"ऊन लागलं नाही ना? बरं, तू सांग. काय काय दिसलं वरून? लोक म्हणतात, डोंगरसुद्धा दिसतात पार लांबचे."

सून आठवू लागली. टॉवरवर येऊन तिला बराच वेळ झाला होता. "काही नाही बघितलं, आई," ती खरं ते सांगून गेली. "आपलीच गच्ची बघत होते."

"अरे देवा! गच्ची तर तू रोज बघतेस! अगं, इतकी वर गेलीस ना? पोर दे तिच्याकडे आणि एक फेरी मार सगळीकडून. घाई नको. आज चादरी मी... चादरी शिंपीण काढेल. मी नुसती सांगेन. जा."

झोळीची गाठ सोडून तिने गठुडं नणंदेच्या हातात दिलं. ते झोपेतच नव्या खांद्यावर तोंड घासून स्थिर झालं. सुनेच्या छातीवर जिथे ते होतं तिथे त्याचा ओलसर उबदार ठसा राहिला होता, आणि त्यावर वरची हवा गार लागली. ती चालू लागली. हात कुठे ठेवावेत, ते तिला कळेना. कितीतरी दिवसांत ते असे रिकामे सुटले नव्हते. आधी ती एक हात दुसऱ्यात धरून चालली, मग शालीची टोकं धरून, मग तिने ते तसेच सोडून दिले.

नदी पुढे दोन ठिकाणी वळत होती, हे तिला माहीतच नव्हतं. एका वळणावर बारक्या होड्या लागल्या होत्या. पलीकडच्या भागात कोणीतरी छपरावर भाजी लावली होती, अगदी रांगांनी. आगगाडी जात होती, आणि इतक्या वरून तिला आवाज नव्हता. लांबचे डोंगर खरंच दिसत होते, धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या कापडासारखे, तिथेच वाळत पडलेले. ती प्रत्येक काचेपाशी थांबली. कोणी हाक मारली नाही. एका काचेपाशी मिशीवाले गृहस्थ भेटले, त्यांनी खूण करून विचारलं, काय झालं? तिने हसून मान डोलावली. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, जणू त्यांचीच सासू गच्चीवर गेली होती.

फिरत फिरत ती पुन्हा लिफ्टपाशी आली. नणंद पाठमोरी होती. भिंतीशी नव्हती, काचेशी होती. गठुड्याला थोपटत ती टिटवीला काहीतरी दाखवत होती, आणि टिटवी म्हणत होती, "नाही गं आई, ती टाकी हिरवी आहे, आपली निळी." दोघींपैकी कोणी वळून बघितलं नाही.

सून त्यांच्या मागून तशीच पुढे गेली आणि दुसऱ्या फेरीला लागली.